स्वस्तातले पहारेकरी

खरेदी विभागात त्याला सगळे 'पिळ्या' म्हणत, आणि त्याला त्या नावाचा छुपा अभिमान होता. पुरवठादाराने दर सांगितला की तो काही न बोलता चष्मा पुसत बसे. चष्मा स्वच्छ होईपर्यंत दर उतरलेला असे. कपातीत विभागातली माणसे एकेक करून गळाली, त्यांच्या फायली त्याच्या टेबलावर चढल्या, झोपेत दात खाऊन त्याचा जबडा ठणकू लागला. तरीही सौदा जमला की त्या दिवशी त्याला कडकडून भूक लागे.

कारखान्यात कुणाची गच्छंती होणार, हे खरेदीवाल्याला सर्वांआधी कळते. या वेळी मागणी आली ती नव्या कुलपांची आणि फाटकासाठी लाठीवाल्या पहारेकऱ्यांची. प्रेस विभागाला टाळे लागणार, हे त्याने ओळखले. थोरल्या बहिणीचे यजमान, त्याचे दाजी, तिथेच होते.

"एक कुलूप तुमच्या तोंडालाही," व्यवस्थापक म्हणाले. "नाहीतर आणखी एक खुर्ची रिकामी."

रविवारी बहिणीकडे जेवताना दाजींनी विचारले, "काय मेव्हणे, आमच्या खात्याचं काही कानावर? घरावर मजला बांधायचा म्हणतोय. तुम्ही म्हणाल तर थांबतो."

"बांधा की, दाजी," तो म्हणाला.

"याला कशाला विचारता?" बहीण म्हणाली. "हा शब्दसुद्धा काटकसरीनं देतो."

सोमवारी त्याने सवयीने पहाऱ्याचाही दर पिळला. जुना कंत्राटदार अडून बसला. "साहेब, या दरात शिकवलेली माणसं येत नाहीत. नुसते हात येतात." दुसरा निम्म्यात तयार झाला. पिळ्या त्या दिवशी पोटभर जेवला.

टाळे लागले त्या सकाळी कामगारांनी फाटक हलवले आणि लाठ्या सुरू झाल्या. खिडकीतून त्याने पाहिले: एकाचा कान फाटून मानेवर लोंबत होता, एक जण फरशीवर स्वतःचे दात चाचपडत होता. त्याला उचलायला वाकलेल्या दाजींच्या मनगटावर लाठी बसली, मग जबड्यावर.

पिळ्या जिना उतरून धावला आणि त्याने लाठी धरली. पहारेकऱ्यांचा मुकादम ओरडला, "अरे, यांना नको. हेच आपले साहेब. यांनीच आणलंय आपल्याला."

दाजींनी रक्त थुंकले. "कधी ठरलं हे?"

खोटे बोलायला अवसर होता. "रविवारच्या आधी," तो म्हणाला.

दाजींनी धड उरलेल्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. साहेबांवर हात उचललेला पाहताच चौघे दाजींवर तुटून पडले. "थांबा," पिळ्या सांगत राहिला; पण थांबायचे कसे, हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. अखेर तो दाजींच्या अंगावर पालथा पडला. पहिल्या फटक्यात स्वतःची बरगडी मोडल्याचे त्याला ऐकू आले.

खालून दाजी दात तुटलेल्या तोंडाने म्हणाले, "ऊठ माझ्या अंगावरून."

तो उठला नाही. दाजी मोडक्या हाताने त्याला ढकलत राहिले.