नानांचा आवाज आणि तापलेला प्रोसेसर

आज सकाळी शांताराम नानांनी स्वतःच्याच निधनाची बातमी धुळ्याला दिली.

मी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करत होतो. मागून रिक्षा आली. वर भोंगा, आणि भोंग्यात नानांचाच आवाज.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."

समोरचा चहावाला किटली हातात धरून थांबला. "भाऊ, नाना तर बोलू शकत नव्हते ना?"

बरोबर. दोन वर्षांपासून नव्हते.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. नाना म्हणजे आमच्या भागातली अनाउन्समेंटची रिक्षा. साड्यांचा सेल, उद्या नळ येणार नाही, कोणाची म्हैस हरवली, कोणाची अंत्ययात्रा निघणार, सगळं एकाच आवाजात.

सेलला हसायचे नाहीत, मयताला रडायचे नाहीत.

एकदा विचारलं तर म्हणाले, "रडणं घरच्यांचं काम. आपलं काम टाइम सांगायचं."

मग घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनची तारीख पडली.

नाना तिथून थेट माझ्या दुकानात. सोबत मुलगा प्रवीण, तेव्हा नुकताच रिक्षा चालवायला लागलेला.

"भाऊ, मना आवाज भरी ठेवना शे."

आयडिया साधी होती. शब्द सुटे सुटे रेकॉर्ड करायचे. वार, वेळा, गल्ल्या, गावं, नावं, "यांचे दुःखद निधन झाले आहे", "भव्य सेल". नंतर प्रवीण हवे ते तुकडे जोडणार. आवाज गेला तरी रिक्षा चालू राहणार, घर चालू राहणार.

आणि हे सगळं ऑपरेशनच्या आधी.

अडचण कॉम्प्युटरची होती.

नानांची पत्र्याची खोली. एप्रिल संपत आलेला. माइक टेबलावर, माझ्या दुकानातून आणलेला डेस्कटॉप टेबलाखाली. छताचा पंखा बंद केला तरी खालच्या डब्यातला पंखा थ्रेशरसारखा ओरडायचा. खरखर काढायचं सॉफ्टवेअर लावलं की प्रोसेसर तापायचा, तापला की स्वतःच वेग कमी करायचा, आणि मग हँग.

नाना हेडफोन काढून म्हणाले, "हाऊ मना आवाज शे का तुना डब्बाना?"

मी म्हटलं, मोबाइलवर करू. ते म्हणे, भोंग्यावर मोबाइलचा आवाज चिरका येतो. खरं होतं. रेडिओ दुरुस्तीच्या टपरीपासून सुरुवात केलेला माणूस आहे मी. शाळा कमी झाली, कान चांगले झाले. प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा कूलर बसवावा, तर तो त्या डब्यात मावेना.

मग अंडरव्होल्टिंग केलं.

म्हणजे काय, तर सगळे प्रोसेसर सारखे निघत नाहीत. कमजोरातला कमजोरही चालावा म्हणून कंपनी प्रत्येकाला थोडं जास्तच व्होल्टेज देते. आपल्याकडे लग्नात आचारी चार बट्ट्या जास्तीच्या टाकतो, तसं. ते जास्तीचं हळूहळू कमी करायचं. एक पायरी खाली, टेस्ट. अजून एक खाली, टेस्ट. उष्णता घटते, पंखा गप्प होतो. आणि तापत नाही म्हणून वेगही टिकतो.

मी उतरत उतरत बराच खाली गेलो. तासभर फुल लोड दिला. मशीन हललं नाही. पंख्याचा आवाज शोधावा लागत होता.

कॉलर ताठ करून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रवीणचा फोन. "काका, नाना 'सोमवार' म्हणाले आणि निळी स्क्रीन येऊन मशीन बंद पडलं."

गेलो. परत फुल लोड दिला. काही नाही. नानांना म्हटलं, बोला. बोलले. स्क्रीन निळी.

नाना हसायला लागले. त्या घशाने हसणंही सोपं नव्हतं.

"तुनं मशीन काम करस तोवर जित्तं शे. निवांत बसनं का मरी जास. मी बी तसाच शे!"

आणि तेच निघालं. नुसतं रेकॉर्डिंग म्हणजे प्रोसेसरला आरामच. काम कमी असलं की तो स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, आणि त्यातून मी अजून कापलं होतं. मी पळवून बघितलं होतं, बसवून बघितलं नव्हतं.

दोन पायऱ्या परत दिल्या. मग दिवसभर मशीन नुसतं चालू ठेवलं आणि मी आणि नाना त्याच्यासमोर शेंगा खात बसलो. बंद पडलं नाही.

त्यानंतर नाना रोज बसले. घसा दुखला की थांबायचे, कोमट पाणी, परत सुरू. माझी फी म्हणून माझ्या दुकानाची जाहिरातही भरून घेतली. ती तुम्ही ऐकताच.

नावांच्या वेळी मी हेडफोन लावून होतो. रमेश. सुरेश. शालिनीबाई.

शांताराम.

मी वर बघितलं.

"काय बघस? गावमा मी एकलाच शांताराम शे का?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं भरून झालं.

नंतरची दोन वर्षं नाना रिक्षात प्रवीणच्या मागे बसून स्वतःला ऐकत फिरले. आवाज जास्त मोठा झाला की मागून त्याच्या खांद्यावर टिचकी. कामं कमी झाली नाहीत. जामनेरपर्यंतची आली.

काल रात्री नाना गेले. सकाळी प्रवीणने तुकडे जोडले.

रिक्षा दुकानासमोर आली तेव्हा मी सवयीने कान दिला. "शांताराम"नंतर जरासा थांबा आहे, तो जोड. मागे पंखा नाही, खरखर नाही. फक्त नाना, नेहमीच्या आवाजात, वेळ सांगताना.

प्रवीण हँडल धरून सरळ पुढे बघत होता. मी हात केला, त्याने मान हलवली. रिक्षा पुढच्या गल्लीत वळली.

अंत्ययात्रा दुपारी चार वाजता, राहत्या घरून.

श्रद्धांजलीचे शब्द मी लिहीत नाही. ते नानांच्या आवाजात गावभर फिरतायत, तेवढे बास.

चारला पोचा. उशीर त्यांना चालायचा नाही.