मामाचा मग आणि एकविसावा दिवस

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "मामी, गहू पेरून किती दिवस झाले?" इकडे बायकोने कपाळावर हात मारला. तिकडे मामी रडता रडता म्हणाली, "आज नऊ."

मुळशीतल्या त्या गावात भात निघालं की शेजारी भाड्याच्या खोल्यांचा पाया खणायला घेत आणि मामा गहू पेरायला. नोव्हेंबर उजाडला की त्याला बसवत नसे. उशीर झाला तर दाणा भरायच्या वेळी ऊन तापतं, गहू सुकडतो... युरिया अर्धा पेरताना, अर्धा एकविसाव्या दिवशी पहिल्या पाण्याबरोबर. दर वाफ्याला पाऊण मग. एकदाच का नाही, असं विचारलं तर म्हणायचा, "बारशालाच पोराला पुरणपोळी चारत्यात व्हय?"

मी शहाणा. एका वर्षी त्याने माझ्यावर सोपवलेल्या वाफ्यांत गुपचूप दोन-दोन मग फेकले. गहू असा काळाभोर माजला, की मी बांधावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शेतीवर भाषण देऊ लागलो. ओंब्या भरल्या, वारा सुटला आणि माझा गहू सतरंजीसारखा पसरला. लोक जमले. मामा म्हणाला, "वारंच तसं हुतं." सगळे गेल्यावर माझ्याकडे वळला, "भाचेबुवा, लई खाल्लं की उभं राहवत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्याने ॲल्युमिनियमच्या मगात पाऊण मापावर खिळ्याने आतून रेघ ओढली. हे गुपित आम्हा दोघांतच, असं मी समजत होतो.

मामाचा तेरावा नेमका गव्हाच्या एकविसाव्या दिवशी आला. पंगत बसलेली, भटजी बोलतायत आणि माझी नुसती चुळबुळ. आज पाणी चुकलं तर फुटवे कमी येणार... मामाच्या शेवटच्या गव्हाचं वाटोळं माझ्याच हातून? शेवटी पानावरून उठलो, पडवीतला मग उपरण्याखाली लपवला आणि मागच्या दाराकडे सटकलो. दारात मामी उभी.

"कुटं निघालास?"

"जरा... मोटर चालू करून येतो."

तिने उपरण्याच्या फुगवट्याकडे पाहिलं. "रेघंपतूरच भर बाबा," म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं.

आता ओंब्या बाहेर पडल्यात. गहू उभा आहे. मामाचा मग पुन्हा पडवीतल्या खिळ्याला. तिथे गेलो की मी तो उतरवतो, रिकाम्या मगात बोट घालून रेघ चाचपतो आणि परत टांगतो. थोड्या वेळाने पुन्हा उतरवतो...