वर राहिलेली मोनू

शालिकरामची आणि माझी ओळख एकोणीस वर्षांची, आणि त्यातली बरीचशी वर्षं आम्ही एकमेकांशी बोललोच नाही. तो प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर, वर केबिनमध्ये. मी खाली जमिनीवर उभा राहून हातांनी इशारे देणारा. आवाज इतका की ओरडून उपयोग नसे. बोट वर करून गोल फिरवलं की हबेस, म्हणजे उचल. तळहात खाली दाबला की आरिया, म्हणजे सोड. रिटायर झाल्यावर दोघांनीही हुडको कॉलनीत घरं घेतली, तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस बोलतो. फार नाही, पण बोलतो.

तेही हल्ली कोणाशी बोलणार? त्याची बायको मनकर्णा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती चार महिन्यांसाठी. दुसरं वर्ष चालू आहे. मुलगी भूमिका नोकरीवर जाते, जावई नोकरीवर जातो, मग नातू कोणी सांभाळायचा? सगळं बरोबर आहे, कोणाचा दोष नाही. शालिकराम एकदा आठ दिवस राहून आला. हॉलमधल्या सोफ्यावर झोपला, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून बाल्कनीत बसला आणि परत आला. "तिथं मी काय करू?" म्हणाला. इथे तरी काय करतो, हे मी विचारलं नाही. 

मुलीचा फोन रविवारी येतो. "जेवले का?" "जेवलो." "दवाई घेतली?" "घेतली." मग मागून नातू रडतो आणि फोन संपतो. डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून हा स्पीकर लावतो, त्यामुळे मला सगळं पाठ आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मनकर्णाने फोनवर सांगितलं की भूमिकाची कुठलीशी मार्कशीट घरच्या कम्प्युटरमध्ये आहे, ती पाठवा. शालिकराम पहिल्यांदाच भूमिकाच्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसला. मार्कशीट सापडायच्या आधी त्याला एक खेळ सापडला. बारावीत असताना ती तो खेळायची: स्वतः अंतराळयान जोडायचं, उडवायचं, वर जाऊन फिरायचं. उघडला, तर नऊ वर्षांपूर्वी जिथे सोडला होता तिथेच तो थांबलेला. पृथ्वीच्या खूप वर एक यान, टाकी रिकामी, आत पांढऱ्या टोपातली एकटी मुलगी डोळे मिचकावत बसलेली. खाली नाव लिहिलेलं: मोनू.

मोनू हे भूमिकाचं घरातलं नाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो, तर हा कम्प्युटरसमोर. "भैय्याजी, पोरगी वरतं अडकून राह्यली," म्हणाला. मला वाटलं पुण्याच्या कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. मी खिशातून फोन काढलासुद्धा. खेळ आहे हे कळल्यावर मी त्याला असा झाडला की काय सांगू! तो शांतपणे म्हणाला, "तिचं पेट्रोलचं गणित चुकलं असंन. मी खाली आणतो तिले. मंग सांगीन फोनवर. काही तं सांगाले होईन."

त्याला हेच हवं होतं. मुलीला सांगण्यासारखी एक गोष्ट, जी जेवणाची नाही आणि औषधाची नाही. तेव्हापासून मी चेष्टा थोडी कमी केली.

पहिला महिना त्याचं यान जमिनीवरच आडवं पडलं. उडायचं, कलायचं, कोलांटी मारायचं. वजन कुठे जास्त, पंख कुठे कमी, ते तो वहीत काढायचा. इंग्रजी सूचना एकेक शब्द देवनागरीत लिहून भिंतीवर चिकटवल्या. पुढे यान वर जाऊ लागलं. त्यात माणूस मात्र त्याने कधी बसवला नाही. "एक अडकली तेच लय झालं. रिकामी गाडी पाठवीन, तिच्यात तिले बसवीन." चुकलं तर मागे जायची सोय त्या खेळात असते, हे त्यानेच मला सांगितलं. ती सोय तो वापरायचा नाही. का म्हणून विचारलं, तर "क्रेनमधी होती का अशी सोय?" म्हणाला. म्हणजे मोनू गेली तर कायमची जाणार. 

खरा घोळ पुढे झाला. मोनू पुढे, रिकामं यान मागे, दोघंही पृथ्वीभोवती फिरतायत. क्रेनवाल्याला एकच माहीत: माल जिकडे, क्रेन तिकडे. याने यानाचं नाक मोनूकडे केलं आणि इंजिन दाबलं. यान आणखी वर चढलं, मोठ्या घेऱ्यात गेलं आणि मोनू पुढे निघून गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दोन महिने हा माणूस तिच्या मागे धावला, आणि जितका धावला तितकी ती लांब गेली. पाच यानं वाया घालवली. दिवाळीत मी फराळ घेऊन गेलो, तर अंगणात पणतीसुद्धा नाही आणि हा स्क्रीनकडे बघत बसलेला. "दिसते, भैय्याजी. समोर दिसते. पण जवळ येत नाही," एवढंच बोलला. मला रडू आलं आणि रागही आला. मी चकल्या ठेवून घरी आलो आणि उगाच प्रेमलावर, म्हणजे माझ्या बायकोवर, खेकसलो.

मग एक दिवस त्याला कळलं की पुढच्याला गाठायचं तर आधी आपला वेग कमी करायचा. वेग कमी झाला की यान खाली उतरतं, खालचा घेरा लहान, म्हणून फेरी लवकर पुरी होते आणि आपणच पुढे सरकतो. तीस वर्षांचा हात त्याला विसरावा लागला. उलट दिशेने इंजिन दाबताना तो दर वेळी आधी वही बघायचा. पण अंतर कमी होऊ लागलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी यान मोनूच्या अगदी जवळ पोचलं, पण वेगात. आता बाजूने निघून जाणार. आणि इथे मात्र जुना हात कामी आला. लोंबता माल झुलायला लागला की नवा माणूस घाबरून क्रेन थांबवतो. जुना माणूस माल जातो त्याच बाजूला, त्याच वेगाने क्रेन नेतो आणि झोका मरतो. शालिकरामने तेच केलं. मोनूचा वेग तोच आपला केला. दोन्ही यानं शेजारी शेजारी उभी राहिली, जणू हललीच नव्हती कधी.

माझा हात केव्हा वर गेला मला कळलं नाही. तळहात आडवा: थांब. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, पण थांबला.

मोनूला बाहेर काढून इकडच्या यानात बसवायला त्याला अर्धा तास लागला. मग खाली. यान तापून लाल झालं. पॅराशूटची छत्री लवकर उघडली तर फाटते, म्हणून तो वाट बघत राहिला. मी ओरडलो, "उघड ना, बाप्पा!" तो म्हणाला, "अजून नाही." अखेर छत्री उघडली. मी तळहात दाबत होतो आणि तो पुटपुटत होता, "आरिया... आरिया... आरिया..." यान हिरव्या माळावर टेकलं. मोनू डोळे मिचकावत होती. आम्ही दोन म्हातारे खुर्च्यांवर बसून हसत सुटलो.

त्याने लगेच फोन लावला. बोलण्याची घाई झालेला शालिकराम मी पहिल्यांदा पाहिला.

"मोनू खाली आली, बेटा!"

"कोण मोनू, बाबा?"

"तुह्या कम्प्युटरमधली. पेट्रोल संपलं होतं न तिचं? आठ महिने लागले, पण आणली मी."

 भूमिका जोरात हसली. "अरे वो! ती अजून होती? पण बाबा, तिचं पेट्रोल संपलं नव्हतं काही. वापसीचं मी भरलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"बारावीत होती न मी. मले बस निकलना था यहाँ से. जितकं दूर जाता येईन तितकं. वापस यायचा प्लॅनच नव्हता तिचा." मागे नातू रडला. "बाबा, बाद में करती हूँ, हं. जेवले न तुमी?"

"जेवलो," शालिकराम म्हणाला.

फोन बंद झाला. पोरीला चार शब्द सुनवावेत असं मला वाटलं, पण तिने खोटं काय सांगितलं होतं? शालिकराम हात मांडीवर ठेवून बसला होता. सूचनांचे कागद भिंतीवर पंख्याच्या वाऱ्याने हलत होते.

"आठ महिने मी तिची चूक पाहून राह्यलो होतो, भैय्याजी," तो म्हणाला. "गणित तं बरोबरच होतं तिचं."