उघड्यावरची पिल्लं

लग्नसराईत सुरतेच्या कापडाच्या लूमवरचे अर्धे कारागीर खानदेशात पळतात. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझे वडील, आबा, मात्र गावी गेले नाहीत. लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत माझ्या लग्नाचा विषय रोज निघे, आणि पोरगी शिकून करते तरी काय, हे त्यांना एकदाचं बघायचं होतं. पटलं नसतं तर माझं शिक्षण तिथेच थांबणार होतं. म्हणून मी त्यांना कच्छच्या आखातात, मी अभ्यास करत होते त्या प्रवाळांवर घेऊन गेले.

ओहोटीला तिथे खडकावरून चालता येतं. डबक्यात पाय घातला आणि चटकाच बसला. त्या वर्षी समुद्र तापला होता. तपकिरी-हिरवे प्रवाळ पांढरेफटक पडले होते. भोवती माशांची नखाएवढी निळसर पिल्लंच पिल्लं.

“कितला पोरे शेतस वं माय!” आबा आपल्या अहिराणीत म्हणाले. “बरकत शे तुना समुद्रमा.”

क्षणभर मीही हरखले. एरवी एकेक पिल्लू शोधताना डोळे फुटायची पाळी यायची. मग वाकून नीट पाहिलं. ही पिल्लं खोल पाण्यातून येतात, जिवंत प्रवाळाच्या वासावर घर धरतात आणि जरा चाहूल लागली की त्याच्या फांद्यांत शिरतात. ही शिरतच नव्हती. माझी सावली पडली तरी भराभर कल्ले हलवत तिथेच. घर मरत होतं, म्हणून ती दिसत होती. कपारीतून एक मोठा मासा येई, एक उचले, परत जाई. त्याला घाईसुद्धा नव्हती. मला भयंकर संताप आला, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना.

आबांना सांगणार होते. पण ते उकिडवे बसून लहान मुलासारखे हसत होते, म्हणून सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये ते आपणहून म्हणाले, लग्नाचं पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटीच जाऊन आले. मेलेल्या प्रवाळांवर शेवाळ चढलं होतं. घरी पोचले तर ओट्यावर गाववाले चहा पीत बसलेले. वर्षभर आबांनी त्यांना माझ्या पिल्लांचं कौतुक ऐकवलं होतं. आताही सगळ्यांदेखत त्यांनी ऐटीत विचारलं, “मोठा व्हयनात का वं तुना पोरे?”

“एकबी नही वाचनं, आबा.”

आबांनी कप खाली ठेवला. लग्नाचा विषय न काढता त्यांनी विचारलं,

“मग आते तू काय करशी?”