बॅटरीवर उघडणारं शटर

मालवणात बंगल्यांच्या गॅरेजना मोटरची शटरं बसवणारा एक माणूस आहे. काम संपलं की तो मेन स्विच पाडतो आणि बंद शटरामागे आत थांबलेल्या मालकाला सांगतो, "आता भायर येवन दाखवा." बॅटरीवर शटर वर जाईपर्यंत त्याची चुळबुळ थांबत नाही.

परवा तो माझ्या शेजारच्या बंगल्याला शटर बसवत होता, मीही तिथे होतो. मालकाने स्पीकरवरच्या फोनवर बॅटरी नाकारली. "आम्ही वर्षातून दोनदा येतो. कशाला हवी?"

"आणि गॅरेजमागल्या खोलीत राखणदार म्हातारी रवता, तिचा काय? तिका दुसरी वाट नाय. लाईट गेली तर भायर खंयसून येतली?" त्याने विचारलं.

मालकाने फोन ठेवला. मी संतापून तिथेच निषेधाचं पत्रक लिहायला बसलो. तो निघून गेला, स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट घेऊन आला, जोडला आणि स्विच पाडला.

"गो आये, बटण दाब!"

म्हातारी बाहेर आली. माझं पत्रक पहिल्याच ओळीवर होतं.