व्हिंटेज लुकसाठी आईचा अडकित्ता

'व्हिंटेज' हा शब्द कानावर पडला की माझं डोकं सटकतं. आणि गंमत बघा, नोकरी सोडल्यापासून मी त्याच शब्दाचं खाते. विक्रोळीच्या माझ्या छोट्याशा घरात जेवायच्या टेबलावर मी कोलाज करते. प्लायच्या तुकड्यावर जुने कागद चिकटवायचे, त्यावर रंगाचे हात, शाईचे ओघळ, आणि वर किल्ल्या, बटणं, घड्याळांची चक्रं, लेसचे तुकडे, जे हाताला लागेल ते. साकीनाक्याच्या गाळ्यांमधून मी नटबोल्टांचे वायसर आणि पत्र्याची कातरणं पिशवी भरभरून आणते. तिथले लोक मला 'भंगारवाली ताई' म्हणतात, आणि मला ते आवडतं, कारण ते खरं आहे.

पण गिऱ्हाईक! अंधेरीला एका प्रदर्शनात एक बाई माझ्या कोलाजला नाक लावून म्हणाल्या, "ओरिजिनल व्हिंटेज आहे ना? वास येत नाहीये जुना." मी म्हटलं, "बाई, परवाच केलंय. कागद चहात बुडवलाय, कडा काडीने जाळल्यात, गंज हवा म्हणून खिळे व्हिनेगरमध्ये घातलेत." तर त्यांचा चेहराच पडला. लोकांना जुनं हवं असतं, पण जुन्याचा त्रास नको असतो. भिंतीवर लटकलेलं, धूळ न पडणारं, तोंड न उघडणारं जुनं हवं असतं. असो. गिऱ्हाइकावर चिडून काय करणार? पण हेच जेव्हा घरातलं माणूस करतं, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची चाळ पाडली आणि आईला धाकट्या भावाने मुलुंडला आपल्या नव्या टॉवरमध्ये नेलं. नेलं ते चांगलंच केलं, माझ्याकडे जागा कुठे होती? आईला वेगळी खोली, खिडकीतून डोंगर दिसतो, लिफ्ट आहे, सगळं झकास. भावजयीने इंटिरियर करून घेतलंय. सगळं पांढरं आणि राखाडी. चप्पल काढायलासुद्धा भीती वाटते, असं ते घर.

मग एक दिवस भाऊ माझ्याकडे आला. हातात कापडी पिशवी. म्हणाला, "ताई, आईची पंच्याहत्तरी येतेय. हॉलच्या मोठ्या भिंतीवर एक कोलाज करून दे ना, आईच्या लाइफवर. एकदम व्हिंटेज लुक. आम्ही तिच्या जुन्या वस्तू आणल्यात."

पिशवीतून त्याने आईचा अडकित्ता काढला. पितळी, मोराच्या तोंडाचा, गावच्या जत्रेत तिने स्वतः घासाघीस करून घेतलेला. मग काळ्या दोऱ्याने बांधलेला तिचा वाचायचा चष्मा. मग सुया-दोऱ्यांचा तो गोल पत्र्याचा डबा, ज्याच्यावर एके काळी बिस्किटांचं चित्र होतं.

मी विचारलं, "अरे, पण आईला लागतं ना हे सगळं?"

"काय लागतंय? सुपारी डॉक्टरने कधीच बंद केलीय. चष्मा नवीन केलाय. आणि शिवायचं काय असतं आता, सगळं ऑनलाइन येतं. नुसतं पडून होतं गं."

"तिला सांगितलंस?"

"सरप्राइज आहे ना! तू पण बोलू नकोस हां." आणि जाता जाता म्हणाला, "अडकित्ता फार चकाचक वाटतो. जरा जुना कर ना."

आईचा अडकित्ता चकाचकच असणार. आमच्याकडे सोलकढी झाली की पिळलेली आमसुलं आई टाकून देत नसे. त्यात मीठ घालून देवाची भांडी, तांब्या आणि शेवटी अडकित्ता घासायची. मी लहानपणापासून तो पिवळाधमकच बघितलाय.

तरी मी कामाला लागले, कारण काम आईवरचं होतं आणि खरं सांगते, मला हुरूप आला होता. प्लायवर पांढरा प्रायमर मारला. त्यावर समुद्राचा निळसर-हिरवा हात दिला, मग तो पुसून काढला, म्हणजे जुन्या भिंतीसारखे पोपडे दिसतात. तिच्या फाटक्या नऊवारीचा एक काठ माझ्याकडे होता, तो गोंदात भिजवून खाली लावला. टूथब्रश तपकिरी शाईत बुडवून अंगठ्याने शिंतोडे उडवले. अडकित्त्याला व्हिनेगर आणि मीठ लावून ठेवलं, पितळेवर हिरवट राप चढला. वरून काळा रंग चोपडला आणि फडक्याने अर्धवट पुसला, मोराच्या डोळ्यात आणि पिसांच्या रेघांत तो बसला. पात्यावर तपकिरी शाई सोडली. एखाद्या बुडालेल्या बोटीतून वर काढल्यासारखा दिसायला लागला. मला माझंच कौतुक वाटलं. तो वाळायला खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पक्का चिकटवायचा होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आईचा फोन आला. आईला मुंबईत इतकी वर्षं झाली, पण आमच्याशी अजून मालवणीतच बोलते. आवाज दबका होता, कुणी ऐकेल अशी भीती असल्यासारखा.

"चेडवा, माझो आडकित्तो तुझ्याकडे राहूक नाय मा?"

अडकित्ता माझ्या समोर खिडकीत होता. मी म्हटलं, "का गं? काय झालं?"

"गावणा नाय. आधी तो सुयांचो डबो गेलो. मगे चष्मो. आता आडकित्तो. खंय ठेवलंय, माका आठवणाच नाय गो. सगळ्यांका इचारलंय. तां म्हणता, 'आई, तुम्हीच कुठेतरी ठेवलं असेल.'" 'तां' म्हणजे माझी भावजय. मग आई म्हणाली, "माझा डोक्याचा काय खरा नाय आता. डॉक्टराक दाखवला. गोळये दिल्यानी."

मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. ती आता खाली देवळात एकटी जात नाही, वाट चुकेल म्हणून. गॅस पेटवत नाही, बंद करायला विसरेल म्हणून. शेजारच्या बाईला चार ओळी पोथी वाचून दाखवायची, तेही बंद, कारण नवीन चष्म्याने अक्षरं नाचतात आणि जुना 'हरवला'. कपाटाची चावी तिने आपण होऊन सुनेकडे देऊन टाकली. माझी आई! जिने चाळीत नळावरच्या भांडणात भल्याभल्यांना गप्प बसवलं, कुणी काय उसनं नेलं ते वर्षांनंतर तोंडावर सांगितलं, ती आई फोनवर मला विचारत होती, "माका येड लागला काय गो?"

मी रडले नाही. मी इतकी संतापले होते की हातातला कप आपटला आणि त्याचा कान तुटला. अडकित्ता, चष्मा, डबा पिशवीत कोंबले आणि रिक्षा करून तडक मुलुंड गाठलं. रिक्षावाला हायवेवर म्हणाला, "मॅडम, किससे झगडा है?" मी एकटीच मोठ्याने बोलत होते म्हणे.

दार भावजयीने उघडलं. मला बघून हसली, पिशवी बघितली आणि हसू गेलं. "ताई, अहो, ते इथे कशाला आणलंत? आई आत आहेत."

"आत आहे म्हणूनच आणलंय. एकेक वस्तू का गं उचललीस? सगळं एकदम का नाही नेलंस?"

"एकदम नेलं असतं तर त्यांच्या लक्षात आलं असतं ना."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. वाईट बाई नाही ती. आईच्या गोळ्या वेळेवर देते, रोज तिच्यासाठी मऊ भात वेगळा लावते. पण भिंत सजवायच्या नादात म्हातारीच्या डोक्याचं काय होतंय, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

भाऊ टीव्ही बंद करून उठला. "ताई, हळू बोल. काय तमाशा लावलायस?"

"तमाशा? तुम्ही तिच्या वस्तू पळवल्यात आणि वर तिला सांगितलंत की तूच विसरतेस? डॉक्टरकडे घेऊन गेलास तिला? गोळ्या चालू केल्यास? लाज नाही वाटली रे?"

"अगं सरप्राइज फुटलं असतं. आणि डॉक्टरकडे तीच म्हणाली, चला. या वयात चेकअप केलेला बराच. तसंही ती थोडंफार विसरतेच."

"काय विसरते? सांग एक गोष्ट."

तेवढ्यात आई भिंतीला हात धरत बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा फुलला आणि आमच्या तिघांची तोंडं बघून लगेच उतरला. भिंत धरून चालायला ती कधी लागली होती? पंधरा दिवसांपूर्वी मी आले होते तेव्हा बसून होती, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी तिला सोफ्यावर बसवलं आणि वस्तू तिच्या मांडीवर ठेवल्या. "आई, तू काही हरवलं नाहीस. हे सगळं यांनी नेलं होतं. तुझ्या पंच्याहत्तरीला भिंतीवर लावायला. तुझं डोकं ठीक आहे."

तिने आधी डबा उघडून सुया बघितल्या. चष्मा डोळ्याला लावला, काढला. मग अडकित्ता उचलला. उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्या हातात दिला.

"हो माझो न्हय," ती म्हणाली. "माझो पितळेचो. हो खंयचो गंजलेलो?"

भावाने माझ्याकडे बघितलं. तो जिंकल्यासारखा हसला असता तर मी एक वेळ माफ केलं असतं. पण तो दुःखी चेहरा करून, मान हलवत, हळू आवाजात म्हणाला, "बघितलंस? स्वतःचा अडकित्ता ओळखत नाही ती."

मी खरंच त्याला मारणार होते. उजवा हात वरही गेला होता. पण आईच्या डोळ्यांत मला ते दिसलं. तिने त्याचं ऐकलं होतं, आणि तिला ते पटलं होतं. ती पुन्हा अडकित्त्याकडे बघत होती आणि आठवायचा प्रयत्न करत होती.

मी अडकित्ता घेऊन स्वयंपाकघरात घुसले. रविवार होता, माशांचं जेवण होतं, ओट्यावर सोलकढीसाठी आमसुलं भिजत होती. मी मूठभर आमसुलं उचलली, त्यावर मीठ ओतलं आणि घासायला लागले.

"ताई, अहो, काउंटरला डाग पडतील! तो पांढरा दगड आहे!" भावजय मागून ओरडली.

"पडू देत! व्हिंटेज दिसेल!"

रंग चिवट होता, माझाच होता. भांड्याच्या काथ्याने खरवडला, गरम पाणी ओतलं, पुन्हा आमसुलं चोळली. आधी काळं पाणी आलं, मग हिरवट, मग तपकिरी. माझी नखं लाल झाली. मागे वळून बघितलं तर आई दारात उभी होती, चौकट धरून, आणि माझ्या हातांकडे बघत होती. मोराची चोच आधी पिवळी झाली. मग मान, मग दांडे. पात्यावरची शाई निघाली. मी तो पदराला पुसला आणि तिच्या हातात दिला.

आईने तो बघितलाच नाही. डोळे मिटले आणि अंगठा एका दांड्याच्या आतल्या बाजूने फिरवला. तिथे पितळ इतक्या वर्षांच्या दाबाने झिजून खोलगट झालंय. तिचा अंगठा तिथे जाऊन बसला. तिने अडकित्ता उघडला, मिटला, परत उघडला.

"माझोच," ती म्हणाली.

भाऊ पुढे आला. "आई, सॉरी गं. आम्ही चांगल्या मनानेच..."

"झिला, गप रव." आवाज चढलेला नव्हता. भावजयीने कंबरेला खोचलेली कपाटाची चावी कधी काढली आणि आईसमोर कधी धरली ते मला कळलं नाही. आईने चावीकडे बघितलंही नाही. ती मुलाकडे बघत होती.

"रोज दिवो लावताना मी काय मागत होतंय, म्हायत आसा तुका?" ती म्हणाली. "म्हटलंय, देवा, पोरांची तोंडां इसरूच्या आधी माका घेवन जा."