मशीन वाचत नाही ती ओळ

ऑफिसातल्या अठरापैकी अकरा जणांनी माझ्या प्रोग्रॅमखाली ‘पाहिले’ असं लिहून सही केली होती. चूक मात्र एकानेही दाखवली नव्हती.

कॅन्टीनच्या भिंतीवर मी प्रोग्रॅमची प्रिंटआउट चिकटवली होती आणि शेजारी सुतळीने लाल पेन्सिल बांधली होती. शनिवारची दुपार झाली होती आणि सोमवारी माझा निकाल लागणार होता.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची, मध्य प्रदेशातल्या सौसरजवळच्या बोरगावातली. पोती विणणाऱ्या आमच्या फॅक्टरीत एकाच महिन्यात दोन नव्या वस्तू आल्या होत्या, एक कॉम्प्युटर आणि दुसरी मी. ऑफिसात बाईमाणूस त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. लोक दोघींनाही हात न लावता लांबून बघून जायचे.

माझं काम होतं हजेरीचा प्रोग्रॅम. गेटवर प्रत्येकाच्या कार्डावर वेळेचा ठसा उमटायचा, ती कार्डं मी मशीनमध्ये भरायची आणि मशीनने महिन्याची हजेरी काढायची. तीच हजेरी आमचे टाइमकीपर वामनराव वीस वर्षं हाताने मस्टरमध्ये लिहीत आले होते. मॅनेजर सबनीससाहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, की दोन्हींचा ताळा जुळला तर मशीन राहील, नाहीतर ते नागपूरला परत जाईल. सोबत मीही जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

ताळा जुळत नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन चौदा जणांना गैरहजर दाखवत होतं आणि मस्टरमध्ये ते चौदाही हजर होते. उलट पुढच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मशीनला हेच चौदा जण कामावर दिसत होते आणि मस्टर कोरं होतं. मी वामनरावांना विचारलं.

“मस्टर बरोबर आहे, मॅडम,” ते म्हणाले. “तुमची मशीनच कुठं तरी चुकून राहिली असन.”

मी अकोल्याची, आणि डोक्यात नव्या डिप्लोमाची हवा. तो दिवस कोणता हे बघायचं सोडून मी तारखा मोजणारा भाग आठ दिवस उसवत बसले. स्वतःवर इतकी चिडले होते, की डबासुद्धा तसाच परत न्यायचे.

शेवटी मला आमच्या इन्स्टिट्यूटची रीत आठवली. तिथे प्रोग्रॅम भिंतीवर लावायचा, कोणीही दुरुस्त करायचा, आणि करणाऱ्याचं नाव प्रोग्रॅममध्ये घालायचं. आता याला ओपन सोर्स म्हणतात आणि अशा दिवसाला हॅकेथॉन, असं माझा भाचा मला समजावून सांगतो. मी मान डोलावते. सबनीससाहेबांकडून मी एक शनिवार मागून घेतला. त्यांनी नोटीस काढली आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या ऑफिसात साहेबाकडून आलेला कागद वाचायचा नसतो. त्यावर ‘पाहिले’ लिहून पुढे सरकवायचा असतो.

मग मी सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं आणि ‘रेम’ शिकवलं. ओळीच्या सुरुवातीला ही तीन अक्षरं टाकली, की मशीन ती ओळ सोडून देतं. ती ओळ माणसासाठी असते. “काहीही लिहा,” मी म्हणाले. “मशीन वाचत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही.”

एवढं ऐकायचा अवकाश, रांग लागली. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक बोटाने. स्टोअरवाल्याने चहा पाणचट असल्याचं लिहिलं. कॅन्टीनवाल्याने खालच्याच ओळीत साखर स्टोअरमधून कमी येते असं उत्तर दिलं. एकाने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण टाकलं, तिथीसकट. वामनराव सगळ्यात शेवटी आले. “तुमी चहा घेऊन या, मॅडम. मी लिहून ठेवतो,” म्हणाले. मी चहा पिऊन आले तरी त्यांचं चाललंच होतं.

सबनीससाहेबांनी कॅन्टीनमध्ये येऊन नवी प्रिंटआउट मागवली. चहाच्या भांडणाला ते हसले, लग्नाची तिथी वहीत टिपून घेतली आणि शेवटच्या ओळीवर थांबले. त्यांनी ती मोठ्याने वाचली. ‘गोटमारीच्या दिवशी पांढुर्णा-सावरगावच्या माणसाचा खाडा धरत नाही. पुढच्या रविवारी काम करून घेतो. वामनराव.’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून ही दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, तीच गोटमार. त्या दिवशी तिथला माणूस कामावर येत नाही, हे फॅक्टरीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेब पुण्याचे आणि मी अकोल्याची, म्हणून आम्ही दोघेच तेवढे कोरडे होतो.

वामनरावांनी टोपी काढून हातात घेतली. खोटी हजेरी लावणं म्हणजे नोकरी जाणं, आणि त्यांनी ते स्वतःच्या नावानिशी लिहून दिलं होतं.

“कधीपासून चाललंय हे?” साहेबांनी विचारलं.

“तुमच्या आधीच्या तीन साहेबांपासून जी. तिघांनीही तोंडी सांगतलं, लिहून कोणीच नाही दिलं.”

“मग आज का लिहिलंत?”

“मशीन वाचत नाही म्हणाल्या नं त्या.” वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. “अन् आठ दिवसांपासून पोरगी चुकीच्या जागी शोधून राहिली होती. मले पाहवलं नाही.”

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग मला म्हणाले, “ही ओळ मशीन वाचत नाही ना?”

“नाही, सर.”

“मग वाचेल अशी करा.”

त्यांनी लाल पेन्सिल घेतली, वामनरावांच्या ओळीखाली ‘पाहिले’ लिहिलं आणि पूर्ण सही केली, तारखेसकट. वीस वर्षं तोंडी चाललेल्या त्या सवलतीला मिळालेला तो पहिला लेखी कागद. वामनरावांनी टोपी डोक्यावर चढवली आणि तो कागद मागून घेतला. मी दिला.

दोन्ही दिवसांसाठी मिळून चार ओळी लागल्या. मी सांगत गेले, वामनरावांनी एका बोटाने टाइप केल्या. सोमवारी ताळा जुळला. मशीन राहिलं, मीही राहिले.

पुढे नोकरीभर मी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासले. कोणताही प्रोग्रॅम हातात आला, की आधी त्यातले रेम वाचायचे आणि मग चहा घेऊन ते लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन बसायचे. बहुतेक वेळा मशीन सुरू करावंच लागलं नाही.